नादाची मोजणी आणि फेरमोजणी

(मिरज येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या मास्तरांचा परिचय या सभागृहात करून देण्याचे धाडस मी करणार नाही. कारण समोर बसलेल्या निम्म्या मंडळींनी त्यांच्या हातची छडी आणि त्यांच्या घरचा चहा, या दोहोंचाही प्रसाद घेतलेला आहे. दिवसा शाळेत गणित शिकवणारा आणि रात्री सायकलच्या कॅरिअरला टेपरेकॉर्डर बांधून मैफलींच्या मागे हिंडणारा हा गृहस्थ आपल्या पश्चात दोनच गोष्टी ठेवून गेला: टेपांनी भरलेले एक कपाट आणि स्वराच्या बाबतीत चूक ऐकून न घेणारी शिष्यमंडळी. आजच्या व्याख्यानाचा उगम या दोहोंच्या एका झटापटीत आहे, म्हणून प्रथम तीच हकीकत निवेदन करतो.

तीन वर्षांपूर्वी ते कपाट उघडले. टेपांना बुरशी लागत चालली होती, म्हणून त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात असे ठरले, आणि ते काम ज्यांच्याकडे सोपवले त्यांनी ते मुदतीत पार पाडून नकलांचा एक संच आमच्या स्वाधीन केला. पहिल्याच बैठकीत एका थोर गवयाची, ज्यांना मी येथे केवळ बुवा म्हणतो, मैफल लावली. बुवांचे एक वृद्ध शिष्य डोळे मिटून बसले होते. पहिले आवर्तन पुरे होण्याच्या आत त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "आवाज बुवांचा आहे, पण हा षड्ज बुवांचा नव्हे. बुवा काळी एक सोडून कधी गायले नाहीत. हा स्वर पांढरी दोनच्याही वर लागतोय." मग अनुमानांना ऊत आला. कोणी म्हणाले, तरुणपणचे गाणे असेल. कोणी म्हणाले, त्या दिवशी पेटीवाल्याने गळ घातली असेल. कोणी टेप ताणली गेल्याचा तर्क लढवला. नक्कल करून देणाऱ्यांचे म्हणणे एकच होते, की यंत्रात जे आले तेच आम्ही दिले, त्यात एका आकड्याचाही फेरफार केलेला नाही. गंमत अशी, की त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते आणि शिष्याचे म्हणणेही खरे होते. या दोन सत्यांचा मेळ कसा बसतो हे सांगणे म्हणजेच आजचा विषय सांगणे होय.

विषय स्टुडिओतील कारागिरीचा आहे: ध्वनीची फाइल एका सॅम्पल रेटमधून दुसऱ्या सॅम्पल रेटमध्ये कशी न्यावी. त्यावर व्याख्यान कसले द्यायचे, अशी शंका अन्य गावी कोणी घेतली असती. या पंचक्रोशीत ती कोणी घेऊ नये. शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर, म्हणजे जमिनीच्या मोजणीची आणि जमाबंदीची दप्तरे जेथे चालतात त्या खात्याचे अधिकारी. आणि त्याच गृहस्थांनी पुढे स्वरांची मोजणी आरंभली, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साक्ष काढली आणि १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. नादाची पैमाश हा ज्या भागाचा जुना व्यासंग आहे, तेथे नादाच्या फेरमोजणीविषयी बोलणे अप्रस्तुत होणार नाही, अशी माझी समजूत आहे.

२

तंबोऱ्याची तार छेडली की हवेचा दाब क्षणोक्षणी वर-खाली होतो, आणि हे वर-खाली होणे कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचले की त्याला आपण नाद म्हणतो. जुन्या तबकडीवर सुई हीच चढउतार नागमोडी खाचेच्या रूपाने कोरीत असे. संगणकापाशी खाच नाही. त्याच्यापाशी केवळ आकडे आहेत. म्हणून तो दाबाची चढउतार सेकंदात ठरावीक वेळा, समान अंतराने मोजतो आणि प्रत्येक वेळचा आकडा टिपून ठेवतो. अशा एका टिपणाला नमुना म्हणावे आणि सेकंदात किती नमुने घेतले त्या संख्येला नमुनादर. मोजणीदार बांधावरून साखळी टाकीत जातो आणि प्रत्येक कडीपाशी जमिनीची उंची लिहितो, तसाच हा प्रकार आहे. संगीताच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. चित्रपट आणि दूरदर्शन यांच्या कामात ४८,०००. दूरध्वनीच्या जुन्या अंकीय व्यवस्थेत अवघे ८,०००.

येथे प्रत्येक संगीतप्रेमी मनुष्य एक आक्षेप घेतो आणि तो आदराने ऐकण्याजोगा आहे. तो विचारतो, की दोन नमुन्यांच्या मध्ये जे घडले त्याचे काय? मींड ही तर दोन स्वरांच्या मधल्या जागेतच राहते. तुम्ही ठिपके टिपलेत, मधला प्रवास हरवलात. आक्षेप स्वाभाविक आहे, पण तो खरा नाही, आणि तो खरा का नाही हे समजल्यावाचून पुढचे काहीच समजणार नाही.

पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपीचे उदाहरण घेऊ. कागदावर मांडलेले असतात ते सुटे स्वर, आणि मींड दाखवण्यास त्यांच्यावर फार तर एक कमान. तरीही त्या रागात मुरलेला गायक ती ओळ वाचतो तेव्हा त्याला मधली वाट सापडते; कारण कोणत्या वाटेने जाता येते आणि कोणत्या वाटेने जाता येत नाही याचा कायदा रागाने अगोदरच घालून दिलेला असतो. कायदा जितका कडक, तितके थोडे ठिपके पुरतात. ध्वनीच्या बाबतीत असाच एक कायदा आहे आणि तो रागाच्या कायद्याहून कितीतरी कडक आहे. एखाद्या ध्वनीत अमुक कंपनसंख्येच्या वरचे काहीही नाही एवढी हमी मिळाली, आणि त्या संख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर त्या नमुन्यांतून जाणारी आणि त्या मर्यादेत राहणारी वक्ररेषा एकच असते, दुसरी असूच शकत नाही. दोन गवई एकच स्वरलिपी दोन तऱ्हांनी गातील. गणिताला येथे दुसरी तऱ्हा उपलब्धच नाही. १९१५ साली व्हिटकर या ब्रिटिश गणितज्ञाने, १९२८ साली तारायंत्राच्या संदर्भात नायक्विस्टने, १९३३ साली रशियात कोतेल्निकोवने आणि १९४९ साली अमेरिकेत शॅननने या सिद्धांताची निरनिराळी अंगे मांडली, आणि आज तो नायक्विस्ट व शॅनन यांच्या नावाने ओळखला जातो.

तात्पर्य असे, की नमुने म्हणजे तुकडे झालेला नाद नव्हे. नमुने म्हणजे संपूर्ण नादाचे संक्षिप्त पण निःशेष कागदपत्र होय. मधली मींड हरवलेली नसते, ती लिहिण्याची गरज उरलेली नसते, इतकेच. आणि म्हणूनच, ४४,१०० च्या मोजणीवरून ४८,००० ची मोजणी काढता येते: बुवांना पुन्हा गाण्यास न बोलावता, त्याच मैफलीत दुसरी साखळी टाकली असती तर कोणते आकडे आले असते ते गणिताने सांगता येते. शेतावर पाऊल न ठेवता नकाशावरून केलेली ही फेरमोजणी आहे. आणि नकाशा पुरा असेल तर ती शेतावरच्या मोजणीइतकीच खरी ठरते.

३

पण मघाशी मी 'हमी' हा शब्द वापरला. ती हमी कोणी द्यायची, आणि दिली नाही तर काय होते?

पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि काही वर्षांनी मीच भाऊसाहेब असे सांगणारा एक इसम उभा राहिला. त्याने मोठमोठ्या सरदारांना बुचकळ्यात टाकले, आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड होईपर्यंत पेशव्यांच्या दरबाराला स्वस्थता लाभली नाही. हा तोतया इतका त्रासदायक का ठरला? तो अगदीच परका असता तर लगेच ओळखला गेला असता. तो चेहऱ्यामोहऱ्याने जुळत होता, ही खरी अडचण होती. नमुन्यांच्या जगातही असाच तोतया वावरतो. मर्यादेच्या वरचा स्वर नमुन्यांत शिरला की तो आपल्या खऱ्या रूपाने राहत नाही. तो खाली उतरतो, मर्यादेच्या आतल्या एखाद्या प्रामाणिक स्वराची वस्त्रे नेसतो, आणि मग आकड्यांवरून अस्सल कोण आणि तोतया कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. चित्रपटात धावत्या टांग्याची चाके उलटी फिरताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. सेकंदाला २४ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने पुढे जाणाऱ्या आऱ्यांना मागे जाणाऱ्या आऱ्यांचे सोंग दिलेले असते. प्रकार तोच.

उदाहरण द्यायचे तर 'स' या वर्णाचे घ्यावे. त्यातील शीळ बहुतांशी ४,००० कंपनांच्या वर असते. सीडीच्या दर्जाची एखादी फाइल ८,००० च्या दूरध्वनी-दरात नेताना कोणी सरळ मधले आकडे गाळले, तर ५,५०० कंपनांची शीळ २,५०० वर उतरते आणि ७,००० ची १,००० वर. म्हणजे बोलणाऱ्याच्या स्वरांच्या भर वस्तीत. म्हणून नमुने कमी करण्यापूर्वी ध्वनी गाळणीतून काढावा लागतो आणि नव्या दराच्या निम्म्याच्या वरचे जे असेल ते अगोदर सोडून द्यावे लागते. ८,००० च्या दरात 'स' ची शीळ जगणारच नाही, हे मान्य करावे लागते; दूरध्वनीवर नाव सांगताना आपण "'स' सदाशिवचा" असे जे म्हणतो, ते या गमावलेल्या शिळेचीच भरपाई करण्यासाठी. लहान घरात जाताना काही सामान मागे ठेवावे लागते. जो ते उघडपणे मागे ठेवतो त्याचे घर लहान होते, पण स्वच्छ राहते. जो सर्वच कोंबू पाहतो त्याच्या घरात तोतये राहायला येतात.

४

आता कोणीही विचारील, की मग सर्वांनी एकच दर का ठरवला नाही? इतिहासातील सगळी मोजमापे ज्या कारणाने वेगवेगळी झाली त्याच कारणाने: प्रत्येकाने आपल्या हाताशी होते त्याने मोजले.

४४,१०० हा आकडा पाहिला की तो कोण्या ऋषीने समाधीत पाहिला असावा असे वाटते. वस्तुतः तो व्हिडिओ-टेपच्या यंत्राने लादलेला आहे. १९७० नंतरच्या दशकात आकड्यांचा एवढा लोंढा साठवू शकेल असे सोयीचे साधन म्हणजे चित्रे मुद्रित करणारे व्हिडिओ-रेकॉर्डर. म्हणून ध्वनीचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चित्रात रूपांतरित करून त्याच टेपवर लिहीत. एका आडव्या रेषेत तीन नमुने मावत. जेथे सेकंदाला ६० अर्धचित्रे असत तेथे प्रत्येकातील २४५ रेषा वापरता येत, आणि जेथे ५० असत तेथे २९४. आणि ६० गुणिले २४५ गुणिले ३ काय किंवा ५० गुणिले २९४ गुणिले ३ काय, उत्तर ४४,१०० च येते. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० साली सीडीचे प्रमाण ठरवले आणि १९८२ साली सीडी जपानच्या बाजारात आली, तेव्हा हा आकडा तिच्याबरोबर आला. मूळ साधन कालबाह्य झाले, पण त्याची साखळी राहिली. जसे संस्थान खालसा झाले तरी त्याचा बिघा गावच्या तोंडी राहतो.

४८,००० ची जन्मकथा निराळी. चित्रपटाच्या सेकंदातील २४ चौकटींत ती संख्या वाटली तर प्रत्येकीस बरोबर २,००० नमुने येतात, २५ च्या दूरदर्शनात १,९२० आणि ३० मध्ये १,६००. तोच हिशेब ४४,१०० चा केला तर चित्रपटाच्या चौकटीस १,८३७ आणि वर अर्धा नमुना येतो. आणि अर्धा नमुना ही वस्तू जगात नाही. शिवाय युरोपातील नभोवाणीच्या ३२,००० या दराशी तिचे नाते ३:२ असे सुटसुटीत आहे.

हा घोळ अंकीय युगानेच निर्माण केला असे मात्र कोणी समजू नये. जिला आपण सरसकट '७८ ची तबकडी' म्हणतो ती अमेरिकेत विजेच्या ६० आवर्तनांवर चालणाऱ्या मोटारीमुळे मिनिटास ७८.२६ फेरे घेई आणि ५० आवर्तनांच्या प्रदेशात ७७.९२, आणि १९२५ च्या आधीच्या तबकड्या तर वाटेल त्या वेगाने कापलेल्या असत. तबकडी ज्या वेगाने कापली तो वेग माहीत नसेल, तर गाणाराचा मूळ षड्ज कोणता हे तबकडी सांगू शकत नाही. मिरजेत ज्यांची कबर आहे त्या खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकताना हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याच्या कानाविषयी मला शंका आहे.

५

आता मुख्य कारागिरीकडे वळू. ४४,१०० वरून ४८,००० वर जायचे आहे. दोहोंस ३०० ने भागले की प्रमाण राहते १४७:१६०. म्हणजे सेकंदाच्या तीनशेव्या भागात जुने १४७ नमुने आहेत आणि त्याच काळात नवे १६० हवे आहेत. तबलजींना हे कळण्यास विलंब लागू नये: ही १४७ मात्रांत १६० बसवण्याची लयकारी आहे. दोन्ही आवर्तने एकत्र निघतात, लगेच एकमेकांपासून सुटतात आणि सेकंदातून तीनशे वेळा समेवर भेटतात. समेवरचा नमुना आयता मिळतो. उरलेले १५९ अशा जागी पडतात, जेथे जुन्या मोजणीत कोणीही साखळी टेकवलेली नाही.

त्या जागा कशा भरायच्या? आळशी उपाय असा, की शेजारच्या दोन आकड्यांमध्ये सरळ रेघ ओढावी. पण नाद सरळ रेघेने चालत नाही. अशा रेघांनी तंबोऱ्याच्या जव्हारीचे वरचे झंकार मंदावतात आणि मूळ ध्वनीत नसलेली खरखर पैदा होते. शास्त्रशुद्ध मार्ग आधी विचित्र वाटतो. प्रत्येक जुन्या नमुन्यापुढे १५९ शून्ये घालावीत, म्हणजे दर ७०,५६,००० होतो. मग तो सारा ऐवज अशा गाळणीतून काढावा जी २२,०५० च्या वरचे काही राहू देत नाही. गाळणीतून निघताना शून्यांच्या जागी ते आकडे भरतात जे त्या एकमेव वक्ररेषेवर असायलाच हवे होते. आणि शेवटी दर १४७ वा आकडा उचलावा. ऐंशी मात्रांच्या पटावर तीनताल आणि झपताल दोन्ही मांडता येतात, तसा हा सामाईक पट. प्रत्यक्षात इतकी शून्ये कोणी मोजीत बसत नाही. शून्याशी गुणाकार करणे व्यर्थ, म्हणून गाळणीचे १६० भाग अगोदर पाडून ठेवतात आणि प्रत्येक नव्या नमुन्यासाठी त्याच्या जागेचा भाग तेवढा लावतात.

यात कसब कोठे लागते? गाळणीत. निर्दोष गाळणी मागे-पुढे अनंतापर्यंत पसरलेली असते. म्हणजे एक नमुना काढण्यासाठी मैफलीचा आरंभ आणि शेवट दोन्ही लक्षात घ्यावे लागतील. ते अशक्य, म्हणून तिला दोन्ही टोकांना हळुवार उतार देऊन छाटतात. आखूड छाटली तर गाळणी सैल पडते, वरचे स्वर खाते किंवा तोतयांना वाट देते. काटेकोरपणाच्या हव्यासाने तिची कड फार धारदार केली, तर तबल्यावरील थापेच्या आधीच तिची पुसट लहर उमटते. घटनेच्या आधी तिची बातमी यावी तसे. मानवी श्रवणाची सीमा २०,००० आणि सीडीची सीमा २२,०५०. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत उतार बसवणे हे त्या कारागिरीचे मर्म आहे, आणि एका प्रणालीने बदललेली फाइल दुसऱ्या प्रणालीने बदललेल्या फाइलीहून निराळी का लागते याचे बरेचसे उत्तर त्या पट्टीत आहे.

षड्ज-पंचमभाव जाणणाऱ्यांना येथे आणखी एक मौज दिसेल. ३२,००० आणि ४८,००० यांचे नाते षड्ज-पंचमाचे. ४८,००० आणि ९६,०००, किंवा ४४,१०० आणि ८८,२००, यांचे नाते सप्तकाचे. आणि ४४,१०० व ४८,००० यांचे नाते असे, की कोणत्याही श्रुतीत ते बसवायला जावे तर कानांनी दाराबाहेर पळावे. जुन्या तंत्रज्ञांना संवादी नाती सोपी पडत आणि विसंवादी महाग पडत. आजच्या यंत्रांना दोन्ही सारखीच. पण जगातल्या बहुतेक फायलींचा रोजचा प्रवास नेमका त्या विसंवादी वाटेनेच व्हावा, हा दैवाचा विनोद आहे.

६

फेरमोजणीत एक बारीक तूट आणखी येते, ती आकड्यांच्या अपूर्णांकाची. सीडीवरचा प्रत्येक नमुना ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर उभा असावा लागतो. पण गाळणीतून निघालेला आकडा दोन पायऱ्यांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळत असतो.

१ एप्रिल १९५७ रोजी आण्यांचे नये पैसे झाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. रुपयाचे सोळा आणे ते शंभर पैसे झाले, म्हणजे आण्याचे सव्वासहा. आणि पाव पैसा टाकसाळ पाडीत नसल्यामुळे सरकारी कोष्टकात आण्यास सहा पैसे, तीन आण्यांस एकोणीस आणि पावलीस पंचवीस असे लिहिले गेले. आमच्या आळीतील वाण्याने ते कोष्टक भिंतीला डकवले होते. एका आण्याचे शेंगदाणे चारदा घेतले तर चोवीस पैसे पडत आणि पावलीचे एकदम घेतले तर पंचवीस, हा शोध आम्हा मुलांना आठ दिवसांत लागला, आणि वाण्याला तो लागेपर्यंत आम्ही त्याला चांगलेच बुडवले. दोष एका पैशाचा नव्हता. दोष असा, की चूक दरवेळी एकाच बाजूला आणि त्याच सौद्यावर होत होती. ध्वनीतही जवळच्या पायरीला डोळे मिटून गोल केले, तर चूक स्वराला चिकटते आणि मंद आलापीत करकर होऊन ऐकू येते. उपाय असा, की गोल करण्यापूर्वी दैवाची एक चिठ्ठी टाकावी: वाण्याने चिठ्ठी काढून चारदा विक्री केली असती, सरासरीने तीनदा सहा आणि एकदा सात घेतले असते, तर कोणाचेच नुकसान नव्हते. ध्वनीत या चिठ्ठीचे रूप म्हणजे मुद्दाम मिसळलेली अतिक्षीण अनियमित सळसळ. ती करकरीला विरघळवून टाकते. रसिकहो, शुद्धतेसाठी किंचित कचरा मिसळावा लागतो, हा धडा मला धर्मशास्त्राने दिला नाही, तो या शास्त्राने दिला.

याच ठिकाणी एका भ्रमाचाही निरास करावा. सीडीची फाइल ९६,००० मध्ये नेली म्हणजे ती अधिक 'उच्च दर्जाची' झाली, असे मानणारे आणि त्यासाठी पैसे मोजणारे लोक आहेत. आकडे दुपटीहून अधिक होतात हे खरे. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २२,०५० च्या वरचे जे पहिल्या मोजणीतच सोडून दिले, ते कोणत्याही फेरमोजणीने परत येत नाही.

७

आता बुवांच्या षड्जाकडे परत येतो. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर एक दाखला असतो: हे नमुने सेकंदाला इतके आहेत. वाजवणारे यंत्र त्या दाखल्यावर विश्वास ठेवून चालते. आमच्या टेपा ज्या यंत्राने मोजल्या ते ४४,१०० वर लावलेले होते आणि फाइलीच्या माथ्यावर लिहिले गेले ४८,०००. रूपांतर झालेच नाही. केवळ दाखला बदलला. आकडा एकही हरवला नाही, एकही बदलला नाही. फक्त ते वाजवीपेक्षा भरभर वाचले गेले. परिणामी एका तासाची मैफल ५५ मिनिटे आणि साडेसात सेकंदांत उरकली आणि स्वर जवळजवळ दीड पट्टी चढला. काळी एक पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसली. टेप दुप्पट वेगाने लागली तर स्वर सप्तकभर वर जातो आणि पोरेसुद्धा हसतात. पण दीड पट्टीच्या चुकीला सभ्यतेचा बुरखा असतो. तिला तरुणपणाचे, प्रकृतीचे, पेटीवाल्याचे कारण सापडते. मोठी चूक लगेच पकडली जाते. बेतशीर चूक इतिहास म्हणून खपते.

हे सर्व तर्काने ठीक होते, पण पुरावा काय? वृद्ध शिष्याची स्मृती हा आदरणीय साक्षीदार, परंतु एकटा. टेप वाजवणारे यंत्र तोवर मोडीत निघालेले. तेव्हा आम्ही नकलांचा संच बाजूला सारला आणि उतरवणाऱ्यांकडून न कापलेल्या मूळ फायली मागून घेतल्या. नकलांत प्रत्येक मैफलीच्या आरंभीचे काही सेकंद 'निरर्थक आवाज' म्हणून वगळलेले होते. तो निरर्थक आवाज असा होता: मास्तर खाकरतात, तारीख सांगतात, "काळी एक" असे म्हणतात, आणि आपल्या घरच्या पेटीवरची ती पट्टी दहा सेकंद धरून ठेवतात.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजानने तबकडीसाठी गायन केले, तेव्हा गाण्याच्या अखेरीस ती आपले नाव उच्चारीत असे; कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथील कारागिरांना गाणाऱ्याची ओळख पटण्याची ती एक युक्ती होती. गाण्याच्या पोटातच गाण्याचा दाखला. मास्तरांना हा इतिहास ठाऊक होता की नाही, मी सांगू शकत नाही. पण गणिताच्या शिक्षकाला एक गोष्ट खचित ठाऊक होती, की ज्या मोजणीबरोबर तिचे एकक लिहिलेले नाही ती मोजणी नव्हे. माथ्यावरचा दाखला कारकून लिहितो आणि कारकून चुकतो. पोटातला दाखला वस्तूबरोबर प्रवास करतो.

ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या संस्थांना माझी याहून निराळी विनंती नाही. अस्सल मोजणी उदार दराने करावी. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहपालांच्या संघटनेने त्यासाठी ४८,००० ही किमान मर्यादा घालून दिलेली आहे. अस्सलाला हात लावू नये. रूपांतर करायचे ते नकलेचे, अस्सलावरून आणि एकदाच. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असा व्यवहार करू नये. आणि कोणत्या दराने मोजले, कोणत्या दरात नेले, कोणत्या साधनाने नेले, याची नोंद दप्तरी ठेवावी. निरर्थक म्हणून जे कापायचे ते नकलेतून कापावे.

मास्तरांची पेटी त्यांच्या नातवाकडे आहे. तिचा भाता जुना झाला आहे, पण काळी एकची पत्ती शाबूत आहे. आम्ही संगणकावर ते पहिले दहा सेकंद लावले आणि शेजारी पेटी धरली. पेटीचा स्वर सेकंदाला सुमारे २७७ कंपनांचा. फाइलीतला सुमारे ३०२. एका वाद्याच्या एकाच पत्तीचे ते दोन स्वर होते. मग फाइलीच्या माथ्यावरचा तेवढा एक आकडा दुरुस्त केला, ४८,००० खोडून ४४,१०० लिहिले, आणि पुन्हा लावले. दोन्ही स्वर एकमेकांत असे मिसळले, की पेटी कोणती आणि संगणक कोणता हे कळेना. वृद्ध शिष्यांनी डोळे उघडले नाहीत. खोलीत फक्त भात्याची फुंकर ऐकू येत होती. मग फाइलीतील पेटी थांबली, आपली पेटीही नातवाने थांबवली, आणि बुवांनी काळी एकमध्ये षड्ज लावला.